चोर्ला घाटात सुटलेलं कपाट

बेळगावहून गोव्याकडे जाताना, कणकुंबी मागे पडून घाट सुरू व्हायच्या जरा अलीकडे, सरांच्या राहण्याच्या गाडीतलं उजव्या बाजूचं डोक्यावरचं कपाट भिंतीपासून सुटलं. पुरतं पडलं नाही. मागचं टोक चार बोटं खाली आलं, पुढचं टोक दोन स्क्रूंवर लोंबत राहिलं आणि आतले स्टीलचे डबे एकामागून एक खालच्या पलंगावर कोसळले. दहा मिनिटांपूर्वी काकू त्याच पलंगावर आडव्या झाल्या होत्या. रस्ता बघावा म्हणून उठून पुढच्या सीटवर येऊन बसल्या, म्हणून वाचल्या. सरांचा फोन आला तेव्हा मी वडगावात आमच्या कारखान्यात पटाशीला धार लावत बसलो होतो. ते एवढंच म्हणाले, "कपाट उतरलं की रे. काकू ठीक आहे." पटाशी खाली ठेवली आणि मला बराच वेळ बोलता आलं नाही. ते कपाट माझ्या हातचं होतं.

खानापूरकडचे हे सर माझ्या थोरल्या भावाचे शिक्षक. काकू त्यांच्या पत्नी. निवृत्तीनंतर सर आणि काकू दोघांनी मिळून जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेतली. आधी ती पर्यटनाच्या धंद्यात होती. सीट काढून आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि दोन्ही बाजूंना डोक्यावर कपाटं करायची, गोव्यापासून हंपीपर्यंत सावकाश फिरायचं, असा बेत. कागदपत्रांचं सरांनी स्वतः बघितलं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीत लिहिलेला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही, आणि राहण्याच्या गाड्यांसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. माझ्याकडे विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आता हे आधी सांगतो: सीट काढायच्या आधी आरटीओत जाऊन या, मग लाकडाचं बोलू.

माझ्याकडे आलं ते लाकडाचं काम. आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम चालत आलंय. स्वयंपाकघरातली वरची कपाटं मी शेकड्यांनी लावली असतील, आणि चूक नेमकी तिथेच झाली. गाडीतलं काम मी घरातल्यासारखं केलं.

पहिलं कपाट कसं होतं

दोन्ही बाजूंना आठ-आठ फूट लांब, 33 सेंटीमीटर उंच, 30 सेंटीमीटर खोल. 18 मिलिमीटरचा चांगला वॉटरप्रूफ प्लायवूड, आयएस 710 चा, बाहेरून आणि आतून सनमायका. वर तक्ता, खाली तक्ता, मागे 9 मिलिमीटरची पाठ, मध्ये खणांच्या फळ्या आणि प्रत्येक बाजूला तीन शटर. शटरला ऑटो बिजागऱ्या, उचलून धरायला दोन-दोन गॅसचे पंप, बंद राहायला लोहचुंबक. घरात हे पंधरा वर्षं हललं नसतं.

बसवताना पाणसळ लावली. हे विशेष लिहायला हवं, कारण ही चूक करताना मला ती चूक वाटलीच नव्हती. आमच्या अंगणाला गटाराकडे उतार आहे, गाडी त्या उतारावर उभी. मी पाणसळीचा बुडबुडा अगदी मधोमध आणून कपाट ठोकलं आणि काम फत्ते समजलो. गाडी सपाट रस्त्यावर आली आणि कपाट एका बाजूला दीड सेंटीमीटर झुकलेलं दिसायला लागलं. सर सज्जन माणूस, काही बोलले नाहीत. ओळंबा आणि पाणसळ जमिनीशी बोलतात. गाडीची जमीन रोज बदलते.

पाठीमागची गाठ त्याहून वाईट होती. गाडीच्या आत आधीच एक पातळ पॅनेल होतं. त्यातून सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारत गेलो. आठ मारले. प्रत्येक स्क्रू आवळताना हाताला घट्ट लागला, म्हणून पुढे गेलो. भिंतीत स्क्रू घट्ट लागला की आपण मागे विटा आहेत हे गृहीत धरतो. गाडीच्या पॅनेलमागे काय आहे हे मी बघितलंच नाही.

पहिली कसोटी म्हणून सरांनी चोर्ल्याचाच रस्ता धरला: बेळगाव, पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी, पुढे घाट उतरून केरी, साखळी. या रस्त्यावर रात्रंदिवस जड गाड्यांची ये-जा. आमच्या भागात कुठल्याही गाडीचं काम खरं की खोटं हे तिथे कळतं.

उतरवल्यावर काय दिसलं

सर गाडी हळूहळू परत घेऊन आले. कपाटाला खालून दोन बांबूंचा टेकू आणि दोरी. उद्यमबागच्या बाजूला एक पत्राकाम करणारे गृहस्थ आहेत, साठीच्या पुढचे, कन्नड बोलणारे. बसच्या बॉडीवर त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी कपाटाला हातही लावला नाही. आतलं पॅनेल उचकटलं आणि बॅटरी आत धरून मला म्हणाले, "बघा."

पॅनेलच्या मागे गाडीचा सांगाडा होता: उभे पिलर, छताला कमानी, आणि मधल्या जागेत नुसता आतला पत्रा. तो एक मिलिमीटरसुद्धा जाड नव्हता. माझ्या आठ स्क्रूंपैकी दोनच पिलरात गेले होते, कपाट लोंबकळत होतं ते त्याच दोघांवर. उरलेल्या सहांची भोकं लांबट झाली होती, कडा आतल्या बाजूला वळलेल्या, एका भोकातून तर करंगळी जाईल. त्यातला एक स्क्रू लांब होता. त्याने बाहेरच्या पत्र्याला आतून टोचलं होतं आणि बाहेर रंगावर हरभऱ्याएवढा फुगवटा आला होता. मी बाहेरून तो कधी बघितलाच नव्हता.

मग त्यांनी पिलरवरची चार जुनी भोकं दाखवली, आतून आटे असलेली. पर्यटनाच्या काळात इथे सामानाचं रॅक होतं, ते काढताना आम्हीच बोल्ट काढून डब्यात टाकले होते. वजन कुठे टांगायचं हे आधीच्या कारागिराने खुणा करून ठेवलं होतं. आम्ही तिकडे बघितलंच नाही.

"इदु मनी अल्लरी मेस्त्री," ते म्हणाले, हे घर नव्हे. आणि माझं कपाट दोघांनी उचलून खाली ठेवल्यावर, कंबर धरून: "हगुर माड्री." हलकं करा.

कपाट किराणा दुकानाच्या काट्यावर चढवलं. रिकामं 46 किलो. काकूंनी काढून ठेवलेलं सामान मोजलं: तांदूळ, पीठ, गूळ, लोणच्याची बरणी, दोन मोठे डबे भांडी, सगळं मिळून 34. एका बाजूला 80 किलो.

आता हिशोब. कपाट 30 सेंटीमीटर पुढे आलेलं, म्हणजे वजनाचा मध्य भिंतीपासून साधारण 15 सेंटीमीटर बाहेर. वरच्या आणि खालच्या स्क्रूंच्या ओळींत 28 सेंटीमीटर अंतर. अशा कपाटाची खालची कड भिंतीवर टेकते आणि वरची कड भिंतीपासून सुटू बघते. 80 गुणिले 15 भागिले 28 केलं की वरच्या ओळीवर उभ्या गाडीतच 43 किलोची ओढ येते. खड्ड्यात चाक आपटतं त्या क्षणी मी वजन तिप्पट धरतो. म्हणजे वरची ओळ क्षणभर 130 किलोने खेचली जाते, आणि तेही एकदाच नव्हे तर जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत शेकडो वेळा. पातळ पत्र्यातला स्क्रू एका झटक्याने सुटत नाही. प्रत्येक धक्क्याला भोक केसभर मोठं होतं, मग स्क्रू हलायला लागतो, मग हललेला स्क्रू स्वतःच कानसीसारखा पत्रा खातो. काकू उठून पुढे गेल्या तेव्हा त्यातला शेवटचा आटा निघायचाच बाकी असणार.

घरातलं कपाट उभं असतं तिथेच उभं असतं. गाडीतलं कपाट म्हणजे टांगलेला बोजा, जो दर सेकंदाला खाली, वर, बाजूला जाऊ बघतो. लाकडाची जाडी वाढवून त्याला मजबुती येत नाही, उलट आपणच बोजा वाढवतो. मजबुती सांगाड्याला धरलेल्या गाठीत असते. माझ्या वडिलांनी मला जाड लाकडाचा अभिमान शिकवला. तो घरापुरता खरा आहे.

दुसऱ्यांदा

यावेळी लाकूड सगळ्यात शेवटी हातात घेतलं. आधी आतलं पॅनेल सगळं काढलं. प्रत्येक पिलर आणि छताच्या प्रत्येक कमानीवर कागदी टेप लावून त्यावर पेन्सिलने खूण केली आणि फोटो काढून ठेवले, म्हणजे पॅनेल चढल्यावरही मागचं दिसत राहील. जुनी वायरिंग कुठून जाते तेही त्या फोटोंत आलं. आठ फुटांत पाच पिलर आणि त्यांच्याच रेषेत पाच कमानी मिळाल्या. खणांच्या फळ्या कुठे येणार हे तिथेच ठरलं: फळी तिथे, जिथे पिलर.

प्रत्येक पिलरला आणि प्रत्येक कमानीला एक रिव्हनट. एम-6 चा, म्हणजे 6 मिलिमीटरच्या बोल्टचा, लोखंडी, त्यासाठी 9 मिलिमीटरचं भोक. हे आटे असलेलं नळकांडं पोकळ सेक्शनमध्ये घालून खास पकडीने ओढलं की पत्र्याच्या मागे त्याचा कंबरपट्टा फुगतो आणि बोल्टला पक्के आटे मिळतात. भोक ओबडधोबड झालं तर ते बोल्ट आवळताना जागेवरच फिरत राहतं, म्हणून आधी बारीक ड्रिल, मग मोठं. भोक पाडल्यावर लोखंडी कीस चुंबकाने गोळा करायचा. तो खाचेत राहिला तर पहिल्या पावसात तिथूनच गंज धरतो. भोकाच्या उघड्या कडेला झिंकचा प्रायमर, वाळल्यावर रिव्हनट. या कामाला अख्खा दिवस गेला आणि लाकडाचा एक तुकडाही कापला नव्हता. सर दोनदा येऊन बघून गेले. मी त्यांना सांगितलं, "सर, आजच खरं काम झालंय."

पहिल्या कपाटाला फक्त पाठीवर धरलं होतं. यावेळी वरची पुढची कडही छताच्या कमानींना धरली. एका बाजूला भिंतीत पाच आणि छतात पाच, असे दहा बोल्ट. छताला धरल्याबरोबर ती पुढे उलटण्याची ओढच निघून जाते. हिशोबाच्या भाषेत 15 सेंटीमीटरचा तो दांडा उरत नाही. मला वाटतं, सगळ्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त काम या एका बदलाने केलं.

मग वजन. वरचा तक्ता काढून टाकला, छत आहेच. पाठही काढली, भिंतीचं अस्तर आहेच. तीन लांब दांड्या ॲल्युमिनियमच्या 25 बाय 25 च्या चौकोनी पाईपच्या, दीड मिलिमीटर जाडीच्या. आठ फुटाला एक किलोसुद्धा भरत नाही. खणाच्या फळ्या 9 मिलिमीटरच्या, तळ 6 चा, शटर 9 चं आणि त्याला आतून कडेने 20 मिलिमीटरची पट्टी चिकटवून ताठ केलेलं. सनमायका नाही. दोन्ही अंगांनी पॉलिश. सनमायका एकाच बाजूला लावला तर एवढं पातळ शटर हमखास वाकतं, आणि दोन्ही बाजूंना लावला तर वजन परत येतं. ॲल्युमिनियम आणि गाडीचं लोखंड थेट टेकू दिलं नाही, मध्ये रबराची पट्टी दिली. ओलीत हे दोन धातू एकमेकांना खातात, आणि खानापूर तालुक्यात ओल नसलेला पावसाळ्याचा दिवस मला आठवत नाही.

त्याच किराणा दुकानाच्या काट्यावर नवं कपाट चढलं: 18 किलो.

आकार काकूंनी ठरवला. फ्रिजच्या दुकानातून मोठे खोके आणले, कापून टेपने जोडले आणि कपाटाच्या जागी दोरीने टांगले. काकूंना पलंगावर बसवलं, उठवलं, वाकून चप्पल घालायला लावली, डबा काढायला लावला. उठताना त्यांचं कपाळ खोक्याच्या खालच्या कडेला लागलं. तिथे खडूने खूण केली आणि खोका कापला. पुन्हा बसा, पुन्हा उठा. चौथ्या वेळी कुठेच लागलं नाही. शेवटी कपाट वर 30 सेंटीमीटर आणि खाली 22 सेंटीमीटर खोल ठरलं, तोंड तिरकं. काकू म्हणाल्या, "पहिल्यांदाच असं का नाही विचारलंस रे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गाडीची भिंत सरळ नसते. वर जाताना आत वळते. प्रत्येक पिलरपाशी तो वळसा थोडा वेगळा होता. म्हणून पाचही फळ्यांसाठी पुठ्ठ्याचे पाच वेगळे साचे काढले, नंबर टाकले आणि प्रत्येक फळी तिच्या साच्यावरून कापून रंध्याने घासत बसवली. पाणसळ यावेळी पेटीतच राहिली. गाडीच्या मधोमध पुढून मागे दोरी ताणली आणि सगळी मापं त्या दोरीपासून आणि खिडकीच्या वरच्या कडेपासून घेतली. कपाट खिडकीशी समांतर असलं की डोळ्याला सरळ दिसतं, गाडी कुठल्याही उतारावर असो.

शटरचा घोळ मात्र दुसऱ्यांदाही झाला. पहिल्या कपाटाचे पंप वाया का घालवायचे म्हणून तेच लावले, एका शटरला 100 न्यूटनचे दोन. नवं शटर अवघं पावणेदोन किलोचं. बंद केलं की मधोमध फुगायचं आणि पंप त्याला सतत बाहेर ढकलत राहायचे. वजन कमी केलं तर त्याला उचलणारा जोरही कमी करायला हवा, हे लक्षात यायला एक संध्याकाळ गेली. आता एका शटरला 60 न्यूटनचा एकच पंप आहे. चुंबक काढले, खड्ड्यात चुंबक सोडतो म्हणजे सोडतोच. त्याऐवजी बोटीत आणि कॅरॅव्हॅनमध्ये असतं तसं बटणाचं लॉक: दाबलं की बटण आत जाऊन कुलूप बसतं, परत दाबलं की बटण बाहेर येतं आणि तेच धरून शटर उघडायचं. सर निघण्याआधी भिंतीवरून नुसता हात फिरवतात. एखादं बटण हाताला लागलं तर ते शटर उघडं आहे. आत तळाला पुढून चार सेंटीमीटरचा काठ ठेवलाय, घाटाच्या वळणात डबा सरकून शटरला टेकला तरी उघडताना अंगावर येत नाही.

पावसाळ्यासाठी पत्र्याला आतून 10 मिलिमीटरचा नायट्राईल फोम चिकटवला, तळाच्या मागच्या कडेला बोटभर फट ठेवली आणि तळाला भोकं पाडली, हवा खेळावी म्हणून. दोन माणसं रात्रभर गाडीत झोपली की श्वासाची वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन बसते, आणि बंद कपाटामागे ती वाळत नाही.

कसोटी

एका बाजूला 25 किलो ही हद्द ठरवली आणि शटरच्या आत रंगाने लिहिली. तपासताना मात्र वाळूच्या पिशव्या घालून 50 किलो दोन रात्री ठेवलं. दांडीखाली दोरी ताणून माप घेतलं होतं, दोन रात्रींनी मधोमध दोन मिलिमीटर झोळ दिसला आणि पिशव्या काढल्यावर तो गेला. मग 25 किलो घालून मी, सर आणि भाऊ चोर्ल्याला गेलो, साखळीत चहा घेतला आणि त्याच रस्त्याने परत. घरी आल्यावर दोन्ही बाजूंच्या सगळ्या बोल्टांवर पाना लावून बघितला. उजवीकडचा एक पाव फेरा ढिला झाला होता. तिथे आता स्प्रिंग वॉशर आहे, आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून दांडीवर रंगाची एक रेघ ओढलीय. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला.

जड सामान खाली गेलं. तांदूळ, पीठ, बरणी, भांडी पलंगाखाली, चाकांच्या मध्ये. वर कपडे, पांघरुणं, औषधं, कुंद्याच्या मिठाईचा डबा. वजन डोक्यावर असलं की वळणात गाडी झुकते, आणि ते सरांना स्टीअरिंगवरच जाणवलं होतं. नव्या कपाटाने घाट उतरल्यावर ते म्हणाले की गाडी आता अंग टाकत नाही. दोन्ही बाजूंची कपाटं आणि सामान धरून छताजवळचं सत्तर-पंचाहत्तर किलो वजन कमी झालंय, फरक पडायचाच.

जुलैत दोघं आठ दिवस कणकुंबीकडे राहून आले. पाऊस थांबलाच नव्हता म्हणे. जाताना काकूंनी वरच्या कपाटात मांडे ठेवले होते, कागदासारखे, हात लागला तरी चुरा होणारे. परत आल्यावर त्यांनी मला बोलावून तो डबा उघडून दाखवला. वरचे दोन तुटले होते, खालचे अख्खे. मी त्यातला एक तिथेच उभ्याने खाल्ला.

डावीकडच्या मागच्या कोपऱ्यात फोम नीट चिकटला नव्हता, तिथे तळव्याएवढा बुरशीचा डाग आलाय. तेवढी फळी काढून पुसायची आहे, फोम नव्याने लावायचा आहे, आणि मधलं एक शटर वेग कमी असताना कुरकुरतं त्याला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी हवी. सर रविवारी गाडी घेऊन येणार आहेत.